क्लचविना, पण डिकीसकट

आमच्या सोसायटीचं पार्किंग म्हणजे हजेरीपट आहे. कोण कुठल्या कंपनीत कामाला, हे दारावरची पाटी न वाचता कळतं. डावीकडे पिंपरीच्या टाटांच्या अल्ट्रोझ आणि हॅरियर, खांबापलीकडे चाकणच्या स्कोडा, फोक्सवॅगन, महिंद्रा. कोपऱ्यात कव्हर घातलेली एक शेव्हरोले बीट आहे. तिचे मालक तळेगावला जनरल मोटर्समध्ये होते. कंपनी गेली, गाडी राहिली. मर्सिडीजमध्ये नोकरीला असलेले दोघे मात्र वॅगनआर चालवतात. पिंपरी-चिंचवडसारख्या गावात गाडी घेणं ही खासगी बाब राहत नाही. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण आपल्याच कंपनीची गाडी गळ्यात मारू पाहतो आणि वर ‘माझ्या नावावर सांगा, डिस्काउंट बसेल’ असं हळूच सुचवतो.

मला हवी होती स्टेशन वॅगन. सेडानसारखी जमिनीलगतची, पण छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेलं. आईची चाकाची खुर्ची तिच्यात आडवी-तिडवी न करता जावी, मावळातून येणारी इंद्रायणी तांदळाची पोती जावीत, आणि नारायणगाव मागे पडलं की गाडीने मनापासून धावावं. क्लच नको, कारण माझा डावा गुडघा आता कुणाचं ऐकत नाही. मात्र सगळं गाडीवर सोपवून हात बांधून बसायलाही मी तयार नव्हतो. घाटात कुठला गिअर हवा ते मला ठरवता आलं पाहिजे. म्हणजे घरच्यांना पुरेल अशी, अंगात जरा रग असलेली, अर्धी ऑटोमॅटिक वॅगन. शोरूममधल्या मुलाने हे सगळं टॅबवर नीट टिपून घेतलं आणि मला एक उंच एसयूव्ही दाखवली. दुसऱ्या शोरूममध्येही तेच. तिसऱ्या ठिकाणी तर त्यांनी टिपूनही घेतलं नाही.

गंमत अशी की वॅगन याच गावात बनत होती. टाटांच्या टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप काढला आणि त्याच्याच पायावर १९९१ साली सिएरा, १९९२ साली इस्टेट आणली. सिएराच्या आठवणी अजून निघतात, तिचं नाव कंपनीने २०२५ मध्ये पुन्हा नव्या गाडीला दिलं. इस्टेटचं नाव कुणी काढत नाही. वास्तविक तीच घरच्या माणसांची गाडी होती. लांबलचक, मागून पाहिली तर मर्सिडीजच्या वॅगनची आठवण यावी अशी, पॉवर विंडोसकट. दोन लिटरला थोडं कमी असं तिचं डिझेल इंजिन मूळचं माल ओढणारं, त्यामुळे चपळपणाची अपेक्षा कुणी ठेवली नसणार. पण मागे सामान किती मावायचं! त्या काळात टेल्कोतल्या मोठ्या साहेबांकडे ती दिसायची आणि आम्ही पोरं पिंपरीच्या चौकात वळून बघायचो.

मग १९९४ साली सुमो आली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन आलेल्या या गाडीत दहा माणसं बसत, म्हणजे प्रत्यक्षात किती बसत ते लग्नसराईत जेजुरीच्या रस्त्यावर उभं राहिलं की कळायचं. आपल्याकडे गाडीचा हिशोब माणशी होतो, सामान मांडीवर घेता येतं. इस्टेट त्यातच संपली.

टाटांनी तरी हिंमत सोडली नाही. निसानचा ऑस्ट्रेलियातला वापरात नसलेला कारखाना सुटा करून त्यांनी पुण्यात आणला, इंडिका उभी केली, १९९८च्या डिसेंबरात बाजारात उतरवली. २००२ मध्ये तिला मागे डिकी जोडून इंडिगो झाली आणि २००४ मध्ये इंडिगो मरीना, पिंपरीत बनलेली दुसरी वॅगन. इंडिकाच त्या सुमारास ‘सिटीरोव्हर’ हे नाव लावून इंग्लंडात विकली जात होती, तेव्हा इथल्या कामगारांना अभिमान वाटायला पुष्कळ जागा होती. मरीनाच्या वाट्याला तो आला नाही. आमच्या ओळखीत एकांनी घेतली होती. त्यांच्या गाडीला आळीत ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणत, आणि पाठीमागे त्याहून अशुभ नाव होतं. सासुरवाडीला गेले की मेव्हणे विचारत, ‘भावोजी, डिकी कुठं ठेवून आलात?’ माझ्या मते मरीनाचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. इंडिगोची डिकी बाहेर दिसायची, मरीनाची आत होती. जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला ती चारचौघांत दिसायला हवी होती.

उरलंसुरलं काम मेजर टेपने केलं. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. एवढी मोठी सवलत असल्यावर कारखान्यांनी आधी लांबी मोजली आणि मग गाडी काढली. पिंपरीतूनच २००८ मध्ये शेपूट कापलेली इंडिगो सीएस आली, सवलतीसाठी चार मीटरच्या आत बसवलेली आपल्याकडची पहिली सेडान. त्या वेळी तिची टिंगल झाली, पुढे सगळ्यांनी तिचाच कित्ता गिरवला. मरीना मापात बसत नव्हती, आणि बसवली असती तर ती वॅगन राहिली नसती. ही रेघ अजून पुसलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यातही मापात बसणाऱ्या छोट्या गाडीला १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के. चार मीटरमध्ये इंजिन, पाच माणसं आणि धडक सोसणारा पुढचा भाग बसवला की कापायला मागची बाजूच उरते. गेलेली जागा मग उंचीत शोधायची. आपल्या रस्त्यांवरच्या सगळ्या गाड्या अशा टाचा उंचावून उभ्या का, याचं उत्तर खड्ड्यांइतकंच करातही आहे.

युरोपात हे उलटं आहे. तिथे स्कोडाच्या ऑक्टेव्हियाची कॉम्बी, म्हणजे वॅगन, घराघरांत असते. सीट न पाडता मागे ६४० लिटर जागा. एके काळी ऑक्टेव्हिया कॉम्बी आपल्याकडेही मिळत होती. औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना तेव्हा नवा होता. आता याच घराण्याचा मोठा कारखाना चाकणला आहे, ३१ मार्च २००९ पासून, पण वॅगन बनत नाही. बनवा म्हणणारे आपण किती, हाही प्रश्न आहेच.

आता क्लचकडे वळू. नाशिक फाट्यावरून निघून भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी करत चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत जायचं, आणि तेही शिफ्ट सुटायच्या वेळी, म्हणजे कंपन्यांच्या बस, सुट्या भागांचे टेम्पो आणि नव्याकोऱ्या गाड्या वाहणारे लांब ट्रेलर या सगळ्यांच्या मधून. या रस्त्यावर गाडी चालवत नाहीत, हाफ क्लचवर ढकलतात. नाशिक फाटा ते खेड असा तीस किलोमीटरचा उन्नत मार्ग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, ७,८२७ कोटींचा. तो होईल तेव्हा होईल. गुडघ्याला तेवढी सवड नाही.

तरीही आमच्याकडे क्लच सोडणं हा पुरुषार्थाचा मामला होतो. आकुर्डीच्या चेतकवर वाढलेली ही पिढी आहे. डाव्या हाताची मूठ पिळून गिअर टाकायचा, सुरू होईना तर गाडी कलती करायची, आणि या कसरतीलाच चालवणं म्हणायचं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. तिला ‘बायकांची गाडी’ म्हणणारे आमचे काका पुढे वीस वर्षं काकूंचीच गाडी चोरून नेत. आज स्कूटर म्हटलं की ती बिनगिअरचीच असते आणि त्यात कुणाची मिशी उतरलेली दिसत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र अजून ‘ऑटोमॅटिक? इतक्यात म्हातारे झालात?’ असं विचारणारे भेटतात.

भोसरी एमआयडीसीत गिअर कापणाऱ्या एका कारखान्याचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले, त्यामुळे दात्यांशी माझा संबंध कागदावरचा का होईना पण जुना आहे. एएमटी हा प्रकार मला तिथल्याच एका सुपरवायझरने समजावला. गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, दाते तेच, क्लचही तोच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा ओढणारा हात यांच्या जागी दोन यंत्रं बसवायची आणि त्यांना हुकूम द्यायला एक छोटा संगणक. म्हणून ते स्वस्त. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं, पुढच्याच वर्षी चाकणहून महिंद्राची टीयूव्ही ३०० एएमटीसह निघाली. खोट एकच. गिअर बदलताना क्षणभर इंजिनचा जोर तुटतो आणि आतली सगळी माणसं कीर्तनाला बसल्यासारखी माना डोलावतात. दांडा बाजूला घेऊन प्लस-मायनस स्वतः करायचं आणि त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडायचा, की डोलणं बरंच कमी होतं.

दुसरा प्रकार दोन क्लचचा, आणि माझा जीव जडला तो त्याच्यावर. एक क्लच विषम गिअरचा, दुसरा सम गिअरचा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा गिअर आत तयार बसलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, जोर तुटत नाही. २०१३ मध्ये चाकणच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हा सात गिअरचा डीएसजी आला तेव्हा आमच्या भाच्याने एका फेरीत आपली बाइक विकायचं ठरवलं होतं. पुढे २०२२ मध्ये पिंपरीच्या अल्ट्रोझलाही दोन क्लच मिळाले, तेलात भिजलेले. डीएसजीमधले हे सात गिअरवाले क्लच मात्र कोरडे असतात, आणि कोरड्या क्लचला चाकणचा रस्ता मानवत नाही. इंच इंच सरकत राहिलं की तो घासतो आणि तापतो. त्यावर उपाय गाडीत नाही, स्वभावात आहे. पुढच्याने फूटभर जागा सोडली की लगेच ती भरायची नाही. ब्रेकवर थांबायचं, नीट अंतर पडलं की सरळ पुढे जायचं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, त्याने एएमटीचा क्लचही जळतो. अंतर सोडलं की मध्ये रिक्षा घुसते हे खरं, पण रिक्षा क्लचपेक्षा स्वस्त पडते.

टेस्ट ड्राइव्हला प्रत्येक शोरूमने मला मोकळ्या स्पाइन रोडवर नेलं. मी म्हटलं, संध्याकाळी आंबेठाण चौकात जाऊ. त्या मुलाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने घड्याळाकडे. शेवटी एक जण तयार झाला आणि त्या फेरीत मला जे कळलं ते माहितीपत्रकात नव्हतं: कुठली गाडी ब्रेक सोडल्यावर आपणहून अलगद सरकते, कुठली चढावर मागे जाते, कुठली पहिल्या-दुसऱ्यात घुटमळते. नवी गाडी घेणाऱ्याने हे करावंच. विक्रेत्याची शिफ्ट संपत आली असेल तर त्याला वाटेत चहा पाजावा.

घेतली ती चाकणचीच, थोडी वापरलेली स्लाविया, दीड लिटरची, डीएसजीवाली. वॅगन नाही, सेडान. चाळीस टक्क्यांमुळे कोरी घ्यायचं धाडस झालं नाही. पण कागद पाहताना एक आकडा सापडला त्याने निकाल लागला. त्याच कंपनीच्या, त्याच पायावरच्या कुशाक एसयूव्हीची डिकी ३८५ लिटरची आणि स्लावियाची ५२१. उंच गाडीत जागा जास्त, हे आमच्या लिफ्टमधलं सर्वमान्य मत असल्यामुळे मी तो आकडा तिथे मोठ्याने वाचून दाखवला. एक गृहस्थ म्हणाले, ‘पण साहेब, रस्त्यावर दिसायला...’ मी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.

तक्रार आहे, नाही असं नाही. जागा भरपूर, पण तोंड लहान. खुर्ची घडी करून, चाकं आधी, अशीच जाते. वॅगनला हा उपद्व्याप नसता. पोतं डिकीच्या उंबऱ्यावरून उचलून टाकावं लागतं आणि तिथे गुडघ्याऐवजी कंबर कामाला येते. आईला मात्र पुढच्या सीटवर बसणं सोपं गेलं. गाडी उंच नसल्याने ती आधी बसते आणि मग पाय आत घेते, कुणी उचलून चढवायला लागत नाही. माळशेज उतरताना दांडा एम वर घेतला, दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, ब्रेकला फार पाय लावला नाही. वरच्या पठारावर चिरंजीवांनी चालवायला मागितली आणि दीडशे हॉर्सपॉवर म्हणजे काय ते आम्हा सर्वांना एकदमच कळलं. त्यांची आजी ‘पुन्हा कर’ म्हणाली, आमची ही काहीच बोलली नाही. परतीला किल्ली माझ्याकडे होती.

बाकी, पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाकडे एमएच १४ची, न गंजलेली, निगुतीने सांभाळलेली मरीना असेल आणि विकायची असेल तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. क्लच दाबायला चिरंजीव आहेत. लिफ्टमधल्या लोकांचं मी बघून घेईन.