हट्टी नट, थंड डोकं

सिंकखाली ठेवलेल्या कांद्या-बटाट्यांच्या टोपलीला ओल येतेय? पाइपाला शिव्या घालण्याआधी जरा वर बघा. सिंकच्या भोकात बसवलेली स्टीलची जाळी आणि तिच्याखालचा आटेवाला भाग, म्हणजे प्लंबरच्या भाषेत ‘वेस्ट कपलिंग’. त्यातला रबरी वॉशर कडक होऊन चिरला, की पाणी कडेनं झिरपायला लागतं. नवं कपलिंग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लोचा एकच, जुनं निघत नाही!

मग सुरू होते हातोडीगिरी. पण बॉस, फ्लॅट भाड्याचा आहे. सिंकचा पातळ पत्रा एकदा पिचकला, की मालक अख्ख्या सिंकचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल गेली, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव!

म्हणून आधी फंडा समजून घ्या. नट अडतो, कारण तो चिकटलेला असतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आट्यांत साचतात, नट लोखंडी असेल तर गंजतो, काही मिस्त्री वरून व्हाइट सिमेंटही थापतात. हे सगळं आधी सैल करायचं, जोर नंतर लावायचा.

खाली बादली ठेवा, पाइप सोडवा. जाळीच्या मधोमध स्क्रू असेल तर तोच खोलायचा, की वरचा आणि खालचा भाग वेगळा होतो. स्क्रू नसेल तर खाली मोठा चेकनट दिसेल. पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा. गंज असेल तर डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून रात्रभर विसरून जा. (नावातला ४० म्हणजे १९५३ मध्ये जमलेला चाळिसावा प्रयत्न. तेव्हा तुम्हीही पहिल्या झटक्यात हार मानू नका!)

आता पाना लावा. खाली आडवं पडून वर बघताना नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. आडवं पडलं की दिशेचा घोळ होतो आणि नट आणखी आवळला जातो. नटाबरोबर कपलिंगही गोल फिरत असेल तर रूममेटला कामाला लावा. त्यानं वरून जाळीत पक्कड अडकवून घट्ट धरायची, तुम्ही खालून फिरवायचं.

तरीही ढिम्म? मग हॅक्सॉ ब्लेडनं नटाला तिरका छेद द्या, सिंकच्या पत्र्याला धक्का न लावता. छेदात स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळलात की नट फाकतो. कपलिंग तसंही टाकायचंच आहे, त्यामुळे आटे कापले गेले तरी चालतील. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

एक गोष्ट अजिबात करू नका. चोकअप काढायची पावडर ओतून लगेच सिंकखाली शिरू नका. ती कॉस्टिक असते, थेंब अंगावर पडला तर कातडी भाजते. आणि तिच्यात अ‍ॅसिड तर कधीच मिसळू नका.

सिंकच हलायला लागलं किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटजवळचा सांधा उकलला, तर तिथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा. त्यानं पाच मिनिटांत काढलं म्हणून घासाघीस करू नका. ती पाच मिनिटं शिकायला त्याची कित्येक वर्षं गेलीत.

जुनं कपलिंग दुकानात नमुना म्हणून घेऊन जा, मापाची कटकट वाचेल. नवं बसवलं की सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि खालून नटाभोवती टिश्यू पेपर फिरवा. कोरडा राहिला? मग ठेवा टोपली जागेवर. आणि जुन्या-नव्या कपलिंगचा फोटो मालकाला लगेच पाठवा, बिलासकट. पुढच्या भाड्यातून तेवढे वळते करून घ्यायचं त्याच दिवशी बोललेलं बरं!