यंत्राला आडवे प्रश्न

बॅकगॅमन हा पाश्चात्त्यांचा सोंगट्यांचा खेळ. २४ घरे, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे. आणि पण दुप्पट करण्यासाठी २, ४, ८ असे ६४ पर्यंतचे आकडे अंगावर मिरवणारा आणखी एक फासा. बलिप्रतिपदेला द्यूताची परंपरा सांगणाऱ्या आपल्या लोकांना तो समजायला वेळ लागू नये. आज या खेळात शेवटचा शब्द संगणकाचा. कोणती खेळी बरोबर नि कोणती चूक, हे तो दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत सांगतो आणि भलेभले माना तुकवतात.

अशा वेळी काही खटपटी मंडळी संगणकापुढे भलतेच पट मांडतात. पंधराही सोंगट्या एकाच घरात, दुपटीच्या फाशाची किंमत १०२४! त्यावर शहाण्यांचा आक्षेप ठरलेला: असे पट उभ्या जन्मात कुणाच्या वाट्याला येतात काय? मग यंत्राला उगीच कशाला छळता? माझ्या मते हा आक्षेप निव्वळ आळसाचा आहे.

यंत्र शिकले कसे, ते आधी पाहा. १९९२ साली आयबीएममधील जेराल्ड टेसॉरो यांनी 'टीडी-गॅमन' पुढे आणले. ते स्वतःशीच खेळत शिकले; पुढच्या एका आवृत्तीत तब्बल पंधरा लाख डाव. त्याचे पाहून जाणत्यांनी सलामीच्या काही जुन्या खेळी बदलल्या. यश लहान नव्हेच. परंतु स्वतःशी खेळून शिकणारा जे पट वारंवार पडतात तेच घोकतो. (शाळेत असली मुले पुष्कळ भेटतात. पुस्तकातले गणित तोंडपाठ. आकडे बदलले की घाम.) मूल निदान गप्प तरी बसते. यंत्र, ज्या मुलखात कधी पाऊल टाकले नाही तिथलेही उत्तर तितक्याच ठामपणे, तितक्याच दशांशांसह देते!

म्हणून ज्यांचे उत्तर आपल्याला त्याच्यावाचून ठाऊक आहे, असे प्रश्न त्याला विचारायचे. सामना जिंकायला दोघांनाही एकेकच गुण हवा असेल, तर फाशावर २ असोत की १०२४, जिंकण्याची शक्यता केसभरही हलता कामा नये. सगळा पट उलटा करून पांढऱ्याचे काळ्याला दिले, तर पांढऱ्याचे भाग्यही जसेच्या तसे काळ्याकडे जावे. एखाद्याची एक सोंगटी सुटून पटाबाहेर गेली की त्याची दुहेरी हार अशक्य. तिथे यंत्राने हजारात एक अंश जरी दुहेरी हारेला दिला, तर चोर सापडला!

हा चोर माझ्या कल्पनेतला नव्हे. 'ग्नू बॅकगॅमन' घडवणाऱ्यांनी अशी अशक्य उत्तरे गाळणारी चाळणी मुद्दाम बसवली आहे. सोंगट्या खोल घरांत रुतून मोडकळीला आलेल्या पटांसाठी वेगळी शिकवणी दिली आहे. आणि दोघांच्याही जास्तीत जास्त सहा सोंगट्या आपापल्या शेवटच्या सहा घरांत उरल्या, की तिथे अंदाजाचे कामच नाही. अशा ८,५३,७७६ पटांची उत्तरे आधीच मोजून ठेवलेली. कर्ते असे सावध, आणि भक्त मात्र निःशंक!

तरी रोजच्या खेळाला त्याचे काय, असे कोणी विचारील. दुपटीचे आव्हान स्वीकारावे की डाव सोडावा, याची ढोबळ सीमा २५ टक्के. सोडलात तर एक गुण नक्की गेला. स्वीकारून चारात एकदा जिंकलात तरी सरासरी तोटा तेवढाच. म्हणजे २४ च्या जागी २६ सांगणारे यंत्र तुम्हांला नको तो डाव खेळायला लावते. साध्या पटात ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. टोकाच्या पटात तीच बोंब मारून उठते.

एक दोष हाती लागताच सारे यंत्रच बोगस म्हणून नाचणारेही आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. मागणे एवढेच, की यंत्राने आपल्या प्रत्येक आकड्याशेजारी तो मोजलेला आहे की अंदाजाचा, हे छापावे. दशांशाची तीन घरे दाखवायला पडद्यावर जागा आहे. या एका शब्दालाही ती होईल.