विहीर होती, गाळणी नव्हती

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असं जुनी माणसं सांगत. पुण्यात उलटं झालं: विहीर होती, पाणी शुद्ध करणारी यंत्रणा नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. पुणे परिसरातल्या संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांमध्ये दूषित पाण्यातून वा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पसरणारा आणि या आजाराला निमित्त ठरू शकणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. मग महापालिका धावली. घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने घेतले गेले, क्लोरीन वाढवलं, कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची सोय झाली. या धावपळीचं श्रेय द्यायलाच हवं. पण विहिरीच्या पाण्यावर असलेली नांदेड, किरकटवाडी ही गावं पालिकेत आली २०२१ मध्ये. हद्द वाढली, जलशुद्धीकरण मागे राहिलं. विहिरीत ब्लीचिंग टाकणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे, हे समजायला माणसं अतिदक्षता विभागात जावी लागली. साथ ओसरली की फाइलही ओसरते. तेव्हा यंदा पाणीपट्टी भरताना एवढंच विचारा, आमचं शुद्धीकरण केंद्र कुठवर आलं?