खोली एक, खुर्च्या चार

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथे एस. टी.तून उतरलेल्या परक्या माणसाने दारूचे दुकान कोठे आहे असे विचारले, तर उत्तरासाठी त्याला खोळंबावे लागणार नाही. परंतु दारू सोडू पाहणारी माणसे आठवड्यातून एकदा जेथे एकत्र बसतात ती खोली कोठे आहे, असे त्याने विचारले तर? बहुतेक जण त्याच्याकडे नवलाने पाहतील. या दोन प्रश्नांच्या उत्तरांतील अंतर हेच आपले दुखणे आहे.

अशा शोधातूनच या चळवळीचा जन्म झाला. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल अमेरिकेतील अॅक्रन या गावी व्यवसायात अपयश घेऊन हॉटेलात एकटा पडला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती आणि समोरचा बार त्याला खुणावत होता. बारकडे जाण्याऐवजी तो टेलिफोनकडे वळला. आपल्यासारखाच एखादा मद्यपी बोलायला मिळेल काय, अशी चौकशी त्याने गावातील चर्चमध्ये केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. उपदेशाने जे साधले नव्हते ते समदुःखी माणसाच्या सहवासाने साधले.

या सभांची रीत साधी आहे. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. माणूस केवळ आपले पहिले नाव सांगतो, स्वतःची कहाणी सांगतो आणि इतरांची ऐकतो. जन्मभराची शपथ येथे कोणी घालत नाही. आजचा दिवस दारूविना काढायचा, एवढेच मागणे असते. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या अर्थसाहाय्याने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभारले. तेथेही औषधांच्या बरोबरीने समूहातील संवादाला आणि कुटुंबीयांच्या सहभागाला महत्त्व दिले गेले.

याचा उपयोग किती, असे कोणी विचारील. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा आढावा घेतला. या सभांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार पूर्ण मद्यमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत अन्य मान्य उपचारांच्या तोडीचे, किंबहुना सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. तथापि आपल्याकडे गरजवंत या दारापर्यंत पोचतच नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पाहणीनुसार दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार लाभले होते.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अडचण दुहेरी आहे. १९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांत संध्याकाळची सभा आटोपून सेनगाव किंवा औंढ्याकडच्या खेड्यात परतायचे कसे, हा पहिला प्रश्न. दुसरा लाजेचा. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवतो. येथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. गंमत अशी की, गुत्त्यावर दिवसाढवळ्या जाणाऱ्याला लाज वाटत नाही, पण सभेची पायरी चढताना तो चारही दिशांना पाहतो. कारण पिणाऱ्याला आपण हसून सोडतो आणि सोडू पाहणाऱ्याची मात्र कुजबुज करतो.

नर्सी हे संत नामदेवांचे गाव याच जिल्ह्यात आहे. गळ्यात माळ पडली आणि दारू सुटली, अशी माणसे येथे अनेकांनी पाहिली आहेत. त्या माळेमागेही वारी आणि भजनी मंडळ यांचा सहवास असतो, हे विसरू नये. एकट्याच्या निर्धाराला सोबत लागते. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकाएकी दारू तोडू नये. कंप, भास, झटके येऊन जीवावर बेतू शकते. आधी दवाखाना आणि त्याच्या जोडीला सभा, हा क्रम शहाणपणाचा.

मग आपण काय करावे? मुख्याध्यापकांनी शाळेची एक खोली, ग्रंथपालांनी वाचनालयाचा एक कोपरा आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळा ठेवावा. ही संघटना बाहेरची देणगी घेत नाही, म्हणून नाममात्र भाडे अवश्य घ्यावे. गट सुरू होण्यास दोन माणसेही पुरतात. कचेरीच्या फलकावर व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ लावावा. जवळची मदत कोठे मिळेल, ही चौकशी तेथे करता येते. सहकाऱ्याची गैरहजेरी झाकणे ही मैत्री नव्हे. त्याच्याबरोबर पहिल्या सभेच्या दारापर्यंत चालत जाणे ही मैत्री. विद्यार्थ्यांनीही ध्यानात घ्यावे की, घरात दारू असणे हा त्यांचा अपराध नाही. कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र गट असतात.

पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसणारे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत आहे. त्या घराला भाषण नको आहे. त्या घरातील माणसाला जाता येईल अशी एक खोली, चार खुर्च्या आणि आत कोण गेले याची वाच्यता न करणारा गाव हवा आहे. खोली आणि खुर्च्या मिळतील. गावाचे मौन आपल्याला कमवावे लागेल.