उमराहचे पॅकेज : आधी शब्द समजून घेऊ या

दिवाळीच्या सुट्टीत अम्मींना उमराहला न्यायचे ठरले, म्हणून आम्ही कॅम्पातल्या एका एजंटाकडे गेलो. वर्गात मुलांना आम्ही रोज सांगतो, न कळलेला शब्द विचारा. तिथे मात्र पत्रक वाचून आम्हीच माना डोलावत होतो. अम्मींनी विचारले, “बेटा, हे क्विंट म्हणजे काय?”

क्विंट शेअरिंग म्हणजे एका खोलीत पाच जण. क्वाड म्हणजे चार, ट्रिपल तीन, डबल दोन. खोलीत माणसे कमी, तसा माणशी दर जास्त. मोठ्या अक्षरातला स्वस्त दर पाचांचा होता, आम्ही तिघेच.

‘विथ शटल’ ही आम्हाला सोय वाटली. प्रत्यक्षात हॉटेल अजीजियात, हरमपासून काही किलोमीटर दूर, आणि बस ठरलेल्या वेळीच. अम्मींचे गुडघे दुखतात. ‘वॉकिंग डिस्टन्स’ लिहिले असले तरी किती मीटर आणि वाटेत चढ आहे का, हे विचारावे.

‘डायरेक्ट’ विमान वाटेत थांबू शकते. ‘नॉनस्टॉप’ थांबत नाही. ‘फुल बोर्ड’मध्ये नाश्ता व दोन जेवणे, ‘हाफ बोर्ड’मध्ये नाश्ता व एकच.

हॉटेलचे नाव, अंतर, जेवण, परतावा, सारे लेखी घ्या आणि मगच बयाणा द्या. अम्मींनी शिवणकाम करून वर्षानुवर्षे जमवलेली ती रक्कम होती. त्यांचा एक प्रश्न आमच्या बीएडपेक्षा कामाला आला.