बिबट्याची मोजदाद आणि स्वस्त कॅमेरा

कुर्ल्यातून वाहणारी मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून उगम पावते. आणि विहार तलावाभोवतीचे रान हे बिबट्याचे रान आहे. महसुली नकाशात मुलुंड, भांडुप, पवई ही गावे कुर्ला तालुक्यातच मोडतात. लोकलने कचेरी गाठणाऱ्या कुर्लेकराला बिबट्या हा दूरच्या अरण्यातला प्राणी वाटत असला, तरी तालुक्याच्या वेशीवर त्याचा वावर नित्याचा आहे. या शेजाऱ्याची नोंद ठेवण्याचे काम झाडाच्या खोडाला बांधलेला एक छोटा कॅमेरा करीत असतो. तो कसा निवडावा, हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक पैशाचा, आणि त्याहीपेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत अशा कॅमेऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. सावज कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी येते हे कॅमेरा सांगतो आणि शिकाऱ्याचे श्रम वाचतात. हे इतके सोपे झाले की, ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच मनाई केली आहे. तथापि, या कायद्याच्या अकराव्या कलमाने एक दार किलकिले ठेवले आहे. बिबट्यासारखा प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने त्याला पकडण्याची, आणि पकडणे वा स्थलांतर अशक्य असल्यासच मारण्याची, परवानगी देऊ शकतो. अशा वेळी नेमका कोणता प्राणी दोषी, हे ठरविणे अटळ होते. भलताच बिबट्या पिंजऱ्यात सापडला तर निरपराध प्राण्याला शिक्षा होते, खरा धोका मोकळा राहतो, आणि वस्ती मात्र निर्धास्त होते. यातला शेवटचा परिणाम सर्वांत घातक होय.

आरे वसाहतीत २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस माणसांवर लागोपाठ हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत तेथेच सोळा महिन्यांची एक मुलगी बिबट्याने नेली. अशा प्रसंगी जनतेची पहिली मागणी पिंजऱ्याची असते; पण पिंजऱ्याला बिबट्यांतला भेद कळत नाही. तो कळतो कॅमेऱ्याला, आणि तोही कॅमेरा चालू असेल तरच.

ठशांकडून छायाचित्राकडे

पूर्वी वाघ-बिबट्यांची गणती पंजांच्या ठशांवरून होत असे. कागदावर वाघ दिसत राहिले आणि २००५ साली राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. या धक्क्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेत १९९० च्या दशकातच छायाचित्रांवरून मोजणीचे शास्त्र बसविले होते. प्रत्येक वाघाचे पट्टे आणि प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, हा त्याचा पाया. पहिल्या फेरीत वीस बिबटे ओळखले गेले, दुसऱ्या फेरीतही वीसच दिसले आणि त्यांतले दहा जुने निघाले, तर एकूण संख्या चाळीसच्या आसपास असावी, असा हा हिशेब आहे. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात याच पद्धतीने २०१५ साली ३५, तर २०१८ साली ४७ बिबटे ओळखले गेले. मात्र या आकड्यांची किंमत कॅमेऱ्यांच्या विश्वासार्हतेएवढीच असते.

विश्वासार्हतेचे निकष

जाहिरातींत चित्राच्या सुस्पष्टतेचा आकडा ठळक छापलेला असतो. परंतु तो निर्णायक नव्हे. उष्णतेची हालचाल जाणवल्यापासून चित्र टिपले जाईपर्यंत किती वेळ जातो, आणि एका चित्रानंतर दुसऱ्यासाठी कॅमेरा किती लवकर सज्ज होतो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. कॅमेरा मंद असेल तर चित्रात केवळ शेपटी येते, आणि शेपटीवरून ओळख पटत नाही. रात्रीच्या प्रकाशाचाही असाच पेच आहे. अवरक्त प्रकाश प्राण्याला बुजवीत नाही, पण चालत्या बिबट्याचे ठिपके त्यात अनेकदा पुसट येतात. पांढऱ्या झोताने ते स्पष्ट उमटतात. मात्र तो झोत चोराच्याही नजरेत भरतो.

मुंबईची हवा ही तर स्वतंत्र परीक्षा आहे. पावसाळ्यातील दमट हवा फटीतून आत शिरते आणि भिंगावर धुके धरते. उन्हाळ्यात परिसराचे तापमान प्राण्याच्या अंगाच्या उष्णतेजवळ पोहोचले की संवेदक गोंधळतो. वाऱ्याने हलणाऱ्या तापलेल्या पानांची शेकडो निरर्थक चित्रे निघून बॅटरी संपते. थंड देशातील शिकाऱ्याने वाखाणलेले यंत्र भांडुपच्या डोंगरउतारावर टिकेलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

किमान दराचा मोह

शासकीय खरेदीचा सर्वसाधारण नियम असा की, अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. भ्रष्टाचाराला आळा घालणे हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण वस्तूचा खरा गुण खरेदीच्या वेळी दिसत नसेल, तर हा नियम चांगल्या मालालाच बाजाराबाहेर ढकलतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरेल. बिबट्याच्या दोन कुशींवरील ठिपके सारखे नसतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन कॅमेरे लागतात. समजा, वीस हजार रुपयांचा एक कॅमेरा दहांपैकी नऊ वेळा बिनचूक चालतो आणि चौदा हजारांचा दुसरा दहांपैकी सात वेळा. पहिल्या प्रकारच्या शंभर जोड्यांपैकी ८१ ठिकाणी दोन्ही कुशींचे चित्र मिळेल. दुसऱ्या प्रकारात केवळ ४९ ठिकाणी. म्हणजे एका उपयुक्त जोडीमागे महाग कॅमेऱ्याचा खर्च सुमारे ४९,४०० रुपये पडतो आणि स्वस्ताचा ५७,००० रुपयांहून अधिक. डोंगर चढून कार्ड आणि बॅटऱ्या बदलणाऱ्या वनरक्षकाचे श्रम यात धरलेलेच नाहीत.

हानी येथेच संपत नाही. बिघाड सर्वत्र विखुरलेले असतील तर अंदाज केवळ ढोबळ होतो. परंतु ते ओढ्याकाठच्या दमट जागीच एकवटले, तर तेथे वावरणारे बिबटे गणतीतूनच निसटतात, आणि आकडा चुकला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॅमेऱ्यासमोरची माणसे

विश्वासार्हतेला आणखी एक बाजू आहे. हे कॅमेरे माणसांनाही टिपतात. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशा साधनांमुळे रानात जाणाऱ्या स्त्रियांची कशी कुचंबणा होते, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडले. आरेतील आणि राष्ट्रीय उद्यानातील आदिवासी पाड्यांतूनही लोक सरपणाला, शौचाला रानात जातात. कॅमेरा कोठे आहे हे त्यांना सांगितलेले असावे, माणसांची चित्रे तत्काळ पुसली जावीत, ही अट यंत्राच्या अटींइतकीच आवश्यक आहे. पाड्यावरच्या माणसाचा विश्वास उडाला, तर उत्तमातला उत्तम कॅमेराही झाडावर टिकणार नाही.

उपाय अवघड नाहीत. निविदेपूर्वी प्रत्येक नमुना एक पूर्ण पावसाळा याच रानात बांधून पाहावा. दर कॅमेऱ्याच्या किमतीवर न तोलता मिळालेल्या उपयुक्त चित्रामागे तोलावा. आणि गणतीच्या अहवालात बिबट्यांच्या संख्येबरोबर बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची संख्या व ठिकाणेही छापावीत. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. हिशेबाची पद्धत तेवढी बदलावी लागेल. निविदेत वाचविलेल्या सहा हजार रुपयांची किंमत पुढे कधीतरी रानाकडेच्या पाड्यावरील एखाद्या मुलाने मोजावी, असा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात काटकसर ठरत नाही.