बाळाचे पहिले पाऊल आणि रोवणीचा हंगाम

मूल केव्हा बसते, केव्हा पहिले पाऊल टाकते, हा केवळ आईच्या कौतुकाचा विषय नाही. तो श्रमाचा, आणि म्हणूनच समाजाचाही प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील निरोगी बालके होती. ती सुमारे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना बसली आणि ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागली. म्हणजे शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्यातही रांगत असले, तर आईला बोल लावण्याचे कारण नाही. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा शिकलेले विसरत असेल, तर अंगारे-धुपारे नकोत, तपासणी हवी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाचाही अंतर्भाव आहे. असे मूल त्या पथकापुढे नेणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे कर्तव्य होय.

परंतु मुलाकडे पाहावयास घरी असते कोण? गोंदिया जिल्हा भाताचा. रोवणीत मजूर स्त्री सकाळीच बांधीत उतरते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तिला रानात नेतो. तान्हे मूल थकलेल्या आजीपाशी, नाहीतर शाळा बुडविलेल्या थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. मूल बोलते ते त्याच्याशी कोणी बोलते म्हणून. आणि बोलण्यास लागणारी फुरसत मजुरीने आधीच हिरावलेली असते.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतील अंगणवाडीत दिवसाचे काही तास बसावयास मिळते ते तीन वर्षांवरील मुलांना. त्याहून लहानांच्या वाट्याला मुख्यतः घरपोच आहार, वजन व गृहभेट. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातील पाळणाघर कारखान्यापुरते होते. घरी विड्या वळणारी त्याबाहेरच राहिली. २०२२ साली केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आली. ती कागदावरून गावात आणणे हे आपले काम आहे.

रोवणीपूर्वीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावासाठी हीच मागणी ठरावाने मांडली पाहिजे. मात्र तेथे बसणाऱ्या सेविकेला पुरते वेतनही हवे. एका मजूर स्त्रीचे मूल दुसरीच्या अर्धपोटी श्रमावर वाढविणे हा न्याय नव्हे.